दुसऱ्या चौकाची जागा

१८ एप्रिल

बाहेरची खोली रिकामी करायला घेतली. लेकीचं, सपनाचं लग्न ११ मेला, म्हणजे हातात तेवीस दिवस. खोली चौदा फूट दोन इंच बाय अकरा फूट नऊ. कागदावर बारा होती — गवंड्याने तीन इंच खाल्ले ते मी अजून विसरलेलो नाही.

लोखंडी कपाट एकट्याने हलवलं. खाली तीन पाइप घातले, ढकललं, मागचा पाइप काढून पुढे. लादीवर एक ओरखडा नाही. भाताची कणगी मागच्या पडवीत. टाइलच्या नमुन्यांची तीन खोकी बायडी म्हणाली फेकून दे. फेकणार नाही! त्या नमुन्यांवरच मी टाइल लावायला शिकलो. इंग्रजी वाचायलासुद्धा त्या खोक्यांवरच शिकलो.

खोली मोकळी झाल्यावर मधोमध उभा राहिलो. सात फुटांपर्यंत टाइल, चारही भिंती, सांधा एकसारखा दोन मिलिमीटर. बोईसरचे बिल्डर इथे येऊन बघून जातात. सरावलीत असं काम दुसऱ्या कुणाच्या घरात नाही.

२० एप्रिल

बुधी आत्या भिंत बघायला आली. ती धवलेरी. ती गायल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही आणि सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात तो तिच्या नजरेखाली. आली, टाइलवर तळहात फिरवला आणि म्हणाली, "देवू, यावर देव बसायचा नाय. घसरंल."

सपना तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हटलं प्लायवूड उभं करतो, चार बाय चार, वर शेण-गेरू सारवू, लग्न झालं की काढता येईल. आत्या म्हणाली, देव काय भाड्याने राहाया येतो?

मग जाता जाता म्हणाली, "जागा एकाची नको करू. दोन चौकांची कर."

बायडी उठून चुलीकडे गेली. दूध उतू जात नव्हतं.

यावर आज लिहायचं नाही.

२१ एप्रिल

प्रयोग केला. तांदळाचं पीठ घट्ट कालवून ग्लॉसी टाइलवर तीन रेघा, मॅट टाइलवर तीन. सुकल्यावर नखाने टिचकी मारली. ग्लॉसीवरच्या तिन्ही पडल्या, मॅटवरच्या दोन. डाग धरत नाही म्हणून तर लोक टाइल लावतात, आणि मीच तसं सांगून लावून देतो.

आत्याचं बरोबर निघालं. भिंतीपुरतं.

२३ एप्रिल

लिहितोच. या वहीपासून काय लपवायचं!

बायडीचं आणि माझं लग्न लागलेलं नाही. तेवीस वर्षं झाली. ती पावसाच्या तोंडाशी घरी आली, तेव्हा नंतर करू म्हटलं. मग सपना झाली, मग मी कामाला बाहेर, मग हे घर एकेक खोली करत बांधलं. राहून गेलं. पाड्यावर याचं कुणाला काही वाटत नाही, अर्ध्या घरांत असंच. पण मी बोईसरच्या लोकांत उठतो-बसतो. फॉर्मवर 'पत्नी' हा रकाना आला की पेन थोडं थांबतं. मग मी भरतो.

आत्याचं म्हणणं एकच — आईचं लागल्याशिवाय लेकीचं लागत नाही. आधी आमचा चौक, मग सपनाचा. नाहीतर ती गाणार नाही. ती नाही गायली तर नवऱ्या मुलाच्या, रूपेशच्या घरचे वऱ्हाड घेऊन आल्या पावली परत जातील. त्यांच्याकडेही हे सगळं कडक आहे.

पत्रिका छापून आल्या आहेत. त्यांवर 'सौ. बायडी व श्री. देवू यांची कन्या' असं आहे. साइटवरचे साहेब येणार, दोन बिल्डर येणार. त्यांच्यासमोर अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मी हळद लावून बसू? जमणार नाही.

एक चौक करायचा, असा करायचा की आत्याच्या तोंडून शब्द फुटू नये. काम बघितलं की माणूस मऊ होतं. माझा अनुभव आहे.

२५ एप्रिल

समोरच्या भिंतीवरच्या आठ टाइल काढल्या. आधी सांध्यातून ग्राइंडर, मग पातळ छिन्नी तिरकी घालून हळूहळू. सात अख्ख्या निघाल्या. आठवीचा कोपरा गेला. नऊ वर्षांपूर्वी सिमेंटचा माल इतका पक्का घातला होता की माझ्याच हाताला फोड आले.

बायडी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, लावताना गाणी म्हणत होतास, आता दात खातोस.

२७ एप्रिल

भिंतीला छिन्नीने टाचे मारले, म्हणजे सारवण धरेल. बायडी आणि सपनाने लाल माती, शेण, भुसा मळून लावलं. मी ओळंबा सोडून बघितलं. डावीकडे पाव इंच फुगवटा. काढायला सांगितला.

बायडी म्हणाली, "हाताने लावल्यालं हाय, तुझ्या टाइली नाय." तिने काढला नाही. मीही हात लावला नाही, ओला होता.

२८ एप्रिल

आत्याला आणलं. चौकोन बघितला, बोटाने दाबला. खरंच छान झालं म्हणाली. मला वाटलं जिंकलो.

"दुसरा कुठं लिव्हायचा?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो. आलो तर आत्या चप्पल घालत होती. म्हणाली, मी तुझ्यावर रागावले नाय, पण माझ्या गळ्यातून गाणं निघायचं नाय त्याला मी काय करू? पोरीच्या आधी आई. मग बायडीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

रात्री जेवताना सपना म्हणाली, "बाबा, पत्रिका वाचून येणाऱ्यांना तुम्ही लाजता. आईला कधी लाजलात?"

मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं. मीठ बरोबर होतं.

३० एप्रिल

मांडवाचे खांब मोजून ठेवले. नऊ दिवसांनी मांडव घालायचा आहे.

१ मे

सुट्टी. टाइल पुसायला म्हणून फडकं घेतलं आणि सवयीने बोटाच्या पेराने ठोकत गेलो. दुसऱ्याच्या साइटवर मी असंच करतो. टाइलमागे माल पूर्ण भरला असेल तर आवाज बंद येतो, कमी असेल तर पोकळ. पोकळ सापडली की त्या कारागिराला सगळ्यांसमोर उभा करतो.

कपाट जिथे होतं तिथे, वरून तिसरी. पोकळ.

परत ठोकली. पोकळच. माझ्याच हाताची! नऊ वर्षं कपाटामागे होती. समोरून बघाल तर सांधा दोन मिलिमीटर, रेघ सरळ, चमक तशीच.

फडकं खाली ठेवलं. मग ती काढली. छिन्नी लावायचीही गरज पडली नाही, दोन बोटांनी आली.

तिच्या शेजारच्या सातही काढल्या. एकूण आठ. चार फूट बाय चार फूट.

३ मे

दुसरा चौकोन झाला. टाचे मारून, सारवून, सगळं मी एकट्याने. ओळंबा सोडला नाही. बायडीने डोकावून बघितलं, तिच्या हातातलं सूप पाखडायचं थांबलं.

संध्याकाळी तिला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. आत्या ८ तारखेला येते. सवाशिणी आधी हा चौक लिहितील, मग तो. आपलं ९ला सकाळी उरकून घेऊ, घरच्या घरी. तू इथे बसायचं, मी इथे. मांडवाचे खांब मी मोजून ठेवले आहेत. साहेबांना कळलं तर कळू दे.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "सगळ्या खोलीची मापं घेतलीस. मला इचारलंस?"

मी म्हटलं, आता काय विचारायचं? तेवीस वर्षं झाली.

"तेवीस वर्षांत एकदा पन नाय इचारलंस. तेव्हा बी मी आले नि तू म्हणालास, बरं."

खरं आहे. 'बरं' म्हणालो होतो. अंगणात मोटार दुरुस्त करत होतो, वर बघितलंही नव्हतं.

४ मे

सकाळी दोन लुगडी पिशवीत भरून बायडी भावाकडे निघाली. कोळगावला, जिव्याकडे. मी विचारलं हे काय नवीन? म्हणाली, नवरी नवऱ्याच्या घरात बसून वाट बघत नाय. मागायला ये. मी काय सांगीन ते तेव्हा सांगीन.

सपनाही तिच्याबरोबर गेली. रिक्षात बसताना मला म्हणाली, चहाची साखर वरच्या डब्यात आहे, बाबा. डबा सापडला नाही.

घर रिकामं करायला मीच घेतलं होतं. आता खरोखर झालं. खोकलो तरी भिंतीवरून आवाज परत येतो, फक्त त्या दोन चौकोनांकडून येत नाही. दोन्हींपुढे जाऊन खोकून बघितलं.

आत्याकडे गेलो. मागायला जाताना काय न्यायचं ते विचारलं. ती आधी पोटभर हसली. मग सांगितलं, सगळं लिहून घेतलं.

५ मे, कोळगाव

जिव्याच्या ओटीवर बसून लिहितो आहे. नवा सदरा घातला आहे. आत्याने सांगितलेलं सगळं आणलं, प्यायच्या माडीचा शिसा धरून. मी जिव्याला म्हटलं, तुझ्या बहिणीला मागायला आलो. तो ओळख नसल्यासारखा म्हणाला, बसा, आत विचारून सांगतो.

पाण्याचा तांब्या घेऊन सपना आली. नवरीकडची म्हणून आली. मान खाली, आवाज चढा.

"मुलगा काय करतो?"

म्हटलं, टाइल लावतो. हल्ली काढतो.

"शिकलाय किती?"

सहावी. पुढचं स्वतःचं स्वतः.

"आणि इतकी वर्षं कुठे होता?"

मी तांब्या हातात घेतला तेवढ्यात आत बायडी हसली. मला ऐकू आलं.

अजून आत बोलावलेलं नाही. बसलो आहे.