पट्टी काढल्यावर

लेह,
दोस्मोचेची जत्रा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय कुंझेस,

अक्षर माझंच आहे. कोणी लिहून दिलं म्हणून तुझ्या भावाला, तुंडुपला, विचारत बसू नकोस. बकऱ्यांनी वाट तुडवल्यासारखं दिसत असेल, पण तुझ्या आजोबांनी पाटीवर राख पसरून गिरवून घेतलेली अक्षरं माझा हात अजून विसरलेला नाही. कितीतरी हिवाळ्यांनंतर लिहिते आहे आणि ओळ कुठे संपते ते मला दिसतं आहे! चांगथांगच्या पठारावरून निघताना तू मला ट्रकात बसवलंस आणि म्हणालीस, "डोळा बरा झाला की वाट मोकळी होताच परत ये, आमा. मी आणि बकऱ्या इथेच आहोत, कुठे जाणार?" त्या 'परत ये'चं उत्तर द्यायलाच आज बसले आहे. पण आधी इकडचं सगळं सांगू दे, नाहीतर माझं पोट फुगेल.

पट्टी काढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिसतंय, आबी-ले?" मी म्हटलं, "तुमच्या नाकावर तीळ आहे." त्या अशा हसल्या की बाहेर बसलेली तुझी वहिनी पलमो धावत आत आली. मग तिने मला काळा चष्मा चढवला आणि अंगणात नेलं. काय सांगू तुला! पॉपलरची झाडं उघडी-बोडकी उभी होती, आणि त्यांची एकेक काडी वेगळी दिसत होती. एकेक काडी! पलीकडे, सिंधूच्या पार, बर्फाने भरलेला डोंगर होता. त्याला घड्या आहेत, कुंझेस, खांदे आहेत, सावल्या आहेत. मला वाटायचं, डोंगर म्हातारे झाले की धूसर होतात. मी तिथेच उभी राहून रडायला लागले. पलमो ओरडली, "आमा-ले, रडायचं नाही! डॉक्टरांनी बजावलंय. पुन्हा पट्टी बांधतील हं!" मी म्हटलं, "मग तो डोंगर झाकून ठेव, मी रडायची थांबते."

हिवाळ्यात हे शहर आपलं वाटतं बघ. उन्हाळ्यातले पाहुणे गेलेले, निम्मी दुकानं कुलूपबंद, नळ गोठलेले. टँकर आला की पलमो कॅन घेऊन रांगेत उभी राहते आणि अख्ख्या गल्लीचा उद्धार करते. बाजारात भर थंडीत फुलकोबी मिळते, विमानातून येते म्हणे. एक गड्डा हातात घेऊन मी इतका वेळ बघत राहिले की भाजीवाला म्हणाला, "घ्यायचीय की पूजा करायचीय?" गोठलेल्या तळ्यावर पोरी पायाला पाती बांधून, हातात काठ्या घेऊन धावतात. आपल्याकडे बर्फावर कोणी आपटलं की सगळी छावणी दात काढते, इथे टाळ्या वाजवतात! आणि संध्याकाळी गच्चीवरून पाहिलं तर वरच्या जुन्या राजवाड्यापासून खाली नदीपर्यंत दिवेच दिवे. इतकी माणसं इतक्या थंडीत एका जागी राहतात, आणि सगळ्यांच्या घरी चूल पेटलेली असते, हे पाहून माझे हात आपोआप जोडले गेले. तुंडुप म्हणतो, "आमा, ती वीज आहे, देव नाही." असू दे. त्याला काय कळतंय?

एक फजितीही सांगते, म्हणजे ती तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात, डोळा व्हायच्या आधी, पहाटे जनावराच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. उठले, कोट चढवला आणि नेहमीसारखं जाऊन कोंडवाड्याचं दार उघडलं. जनावरं चरायला सोडायची वेळ झाली होती ना! नंतर कळलं की तो शेजाऱ्यांचा गोठा होता. त्यांची गाय थेट बाजारात गेली आणि कोणाच्या तरी दुकानासमोरचे पुठ्ठे खाऊन आली. शेजारीण आता मला बघितलं की हाक मारते, "काय हो चांगथांगवाल्या, आज आमची गाय कुठे पाठवताय?" तिच्याशी माझी गट्टी जमली आहे. रोज उन्हाच्या भिंतीला टेकून आम्ही चार म्हाताऱ्या बसतो, जपाची चक्रं फिरवतो आणि सुनांच्या तक्रारी करतो. पलमोबद्दल सांगायला माझ्याकडे फारसं काही नाही, म्हणून मी थोडं बनवून सांगते.

आता जे सांगायचं आहे ते सावकाश वाच. एका दुपारी पलमो फोनवरचे फोटो दाखवत होती. चाऱ्याचा ट्रक घेऊन तुंडुप वर आला होता तेव्हाचे. एका फोटोत एक बाई दोरी खांद्यावर टाकून कोंडवाड्यापाशी उभी होती. गाल वाऱ्याने फुटलेले, डोळ्यांच्या कडांना रेघा, कानाजवळचे केस पांढरे. मी म्हटलं, "हा माझा जुना फोटो कुठे मिळाला तुला?" पलमो हसायला लागली आणि मध्येच थांबली. "आमा-ले," ती हळूच म्हणाली, "ही कुंझेस आहे."

मी फोन तिच्या हातातून घेतला. अगं, माझ्या डोळ्यांत तू थांबली होतीस. नजर अंधुक होत गेली तेव्हा तू गुलाबी गालांची, दोन वेण्या घालून बकऱ्यांमागे धावणारी पोर होतीस. पुढे रोज तुझा आवाज ऐकला, तुझा हात धरून चालले, तू भरवलेलं सातूचं पीठ खाल्लं, आणि मनात तीच पोर धरून बसले. फोटो मोठा करून करून पाहिला. रात्री लांडगे आले की एकटी बाहेर जाणारी ही. वादळात तंबूचे दोर आवळणारी ही. बाळंत बकरीला पोटाशी धरून बसणारी आणि तशातच मला वेळेवर चहा देणारी ही. डोंगर पाहून मी रडले होते, पण तुझ्या चेहऱ्यापुढे मला रडूही येईना. एवढं मोठं काहीतरी इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपत होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मग मला गुर्मेत आठवला, शहरात निघताना तुला न्यायला आलेला. आंधळीला कान दुप्पट असतात, पोरी. तो आपल्या तंबूत आला होता त्या दिवशी मी झोपलेले नव्हते. तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर." तू म्हणालीस, "आमाचे डोळे गेलेत. तिला सोडून मी कुठे येऊ?" तो म्हणाला, "मग मी थांबतो." तू म्हणालीस, "थांबू नकोस," आणि त्याच्या वाटीत आणखी चहा ओतलास. ओतल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

इथे तो घरं ऊबदार ठेवणाऱ्या पत्र्याच्या बुखाऱ्या बनवतो. मी तुंडुपला म्हटलं, "त्याला जत्रेत घेऊन ये." काल राजवाड्याखालच्या उतारावर अख्खं शहर लोटलं होतं. मुखवटे घातलेले लामा नाचत होते, आणि तरुणपणी पाहिलेले ते सगळे रंग मला पुन्हा दिसत होते. मग गावाची इडापिडा ज्यात अडकवतात ते रंगीत धाग्यांचे उंच मनोरे बाहेर नेले. धागा न् धागा वाऱ्यात थरथरत होता. हजारो माणसं माना वर करून बघत होती. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात कोणीतरी माझं कोपर धरलं आणि म्हणालं, "आमा-ले, पुढे पायरी आहे." मी म्हटलं, "दिसते मला. आणि तूही दिसतोस. कान केवढे मोठे आहेत रे तुझे!" गुर्मेत लाजला. त्याचेही केस पिकायला लागलेत. मग त्याने एवढंच विचारलं, "तिचा गुडघा आता कसा आहे?" कुंझेस, तुझा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. तू मला कधी सांगितलंच नाहीस.

लग्न केलेलं नाही त्याने. मी सरळ विचारलं, "तिने वर बोलावलं तर शहर सोडशील?" तो म्हणाला, "वर काय थंडी कमी आहे, आमा-ले? बुखारी सगळीकडे लागते."

तर तुझ्या 'परत ये'चं उत्तर असं आहे, की मी येणार नाही. मला इथलं ऊन आवडलं आहे, ही भिंत आवडली आहे, आणि हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. बकऱ्या आजपासून तुझ्या. तुला हव्या असतील तर ठेव, नको असतील तर काकाच्या कळपात घाल. तिथे राहा नाहीतर खाली ये, लग्न कर नाहीतर करू नकोस, पण जे करशील ते माझ्यासाठी करू नकोस. वाट मोकळी होताच पहिल्या ट्रकने येऊन, हे पत्र तुझ्या हातात देऊन जो माणूस तंबूबाहेर उभा आहे, तो गुर्मेत आहे. ती वाचून बोलवेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, असं मीच त्याला बजावलं आहे. त्याला आत घे, किंवा आल्या ट्रकने परत पाठव. फक्त आमाचे डोळे गेलेत, असं आता त्याला सांगता येणार नाही. बाहेर फार थंडी आहे, पोरी. लवकर ठरव.

तुझीच,
आमा