दोन कानांचा कप

४ मार्च

वकिलांचं पत्र आलं. कपाच्या डिझाइनची नोंदणी या तीस तारखेला संपते. दहा वर्षं झाली! पुढची पाच वर्षं हवी असतील तर सरकारी फी, वर त्यांची फी. आकडा वाचून घाम फुटला. एका कपामागे काय सुटतं ते मला विचारा.

मग दुसरा घाम फुटला. तो फीचा नव्हता. ताईचा होता.

५ मार्च

लिहून टाकतो. इथे कोण वाचायला बसलंय!

कप माझा नाही, ताईचा आहे. बाबांचे हात थरथरायला लागले, चहा अर्धा अंगावर. शेवटी ते "मला नकोच चहा" म्हणायला लागले. ताई शाळेत चित्रकला शिकवते. तिथून माती आणून आठवडाभर ओट्यापाशी कप घडवत बसली. दोन्हीकडे मोठे कान, चार-चार बोटं आत जातील असे. बूड रुंद. आतून एक बाजू उतरती, म्हणजे मान मागे टाकायला नको. अकरावा कप बाबांनी सांडला नाही. मी काय केलं? त्याचा साचा बनवून घेतला आणि माझ्या कारखान्याच्या शेडमध्ये प्लास्टिकचे कप काढले. बस्स.

नोंदणीच्या वेळी वकील म्हणाले, "दोन नावं घातली की दर वेळी दोन सह्या. कटकट वाढते." मी म्हटलं, मग एकच घाला. फॉर्म माझ्यासमोर, पेन माझ्या हातात. घातलं माझं!

ताईला सांगितलं, "दोघांच्या नावावर झालं गं."

६ मार्च

काल अर्धंच लिहिलं. उरलेलं लिहायला आज तीनदा वही उघडली आणि मिटली.

पहिल्या वर्षी साच्याचे पैसे थकले होते. ताईनं सहज विचारलं, "हे नोंदणीचं दरवर्षी भरावं लागतं का रे?" मी म्हणालो, "हो." तोंडातून निघूनच गेलं! "मग निम्मे माझे," ती म्हणाली. तेव्हापासून दर मार्चात पाकीट. वर तिच्या वळणदार अक्षरात – 'कपाची फी, माझा वाटा'. मी म्हणतो, "भरली फी." ती म्हणते, "बरं झालं."

दरवर्षी काहीही भरावं लागत नाही. पहिल्यांदा भरलं की दहा वर्षांनी. साच्याचे पैसे दुसऱ्याच वर्षी फिटले. पाकीट मात्र घेत राहिलो. नऊ झाली. सख्ख्या बहिणीकडून! लाज कोळून प्यालो, दुसरं काय.

९ मार्च

भांड्यांच्या दुकानदारानं कप पुढे केला. "तुमच्यासारखाच. निम्म्या भावात." हुबेहूब! फक्त कानाची धार बोटाला लागते. मी भर दुकानात ओरडलो, "आमची वस्तू चोरली यांनी! सोडणार नाही!"

घरी येईपर्यंत तो शब्द माझ्याच मागे लागला होता.

११ मार्च

वकिलांकडे. नक्कल करणाऱ्याला नोटीस द्यायची तर नोंदणी चालू हवी, म्हणजे फी भरणं आलंच. उठता उठता विचारलं, "समजा, आणखी एक नाव घालायचं असेल तर?" कुणाचं ते सांगितलं नाही. तेवढीही छाती नाही.

"येईल की. करारपत्र, स्टँप, दोघांच्या सह्या. त्याचा खर्च वेगळा."

मी म्हणालो, "बघतो." बघतो! कोथिंबिरीची जुडी घासाघीस करून घेतात तसा!

हिला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. चिडली नाही. भाजी चिरता चिरता एवढंच म्हणाली, "खर्चाचं राहू द्या. ताईंच्या तोंडाकडे बघून सांगता येईल का, तेवढं ठरवा."

१४ मार्च

ताईकडे गेलो. सांगायचंच म्हणून. जिन्यात वाक्यं पाठ केली.

तिनं चहा केला. मला साध्या कपात, स्वतःला दोन कानांच्या. साच्यातून निघालेला पहिला नग, तिलाच दिला होता. मी म्हटलं, "हा कप कशाला गं?" "बाबांची देणगी," ती हसली आणि हात पुढे करून दाखवला. बोटं हलत होती. बारीक, पण हलत होती. "खडू धरते तेव्हा नाही हलत. अजून."

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. "काही सांगायचं होतं का रे?" "नाही. कपाची नक्कल आलीय बाजारात." "म्हणजे चांगला आहे की आपला कप!"

निघताना तिनं पाकीट दिलं. दहावं. मी ते घेतलं. हो, घेतलं! वर तेच शब्द, पण अक्षरं हललेली. रिकाम्या शेडमध्ये बसून रडलो. चाळीशी उलटलेला माणूस, दार लावून.

१६ मार्च

फी भरली. वकिलांच्या कारकुनाकडे ताईचं नाव लिहून दिलं. सगळा कप तिच्या नावावर करा म्हणालो, होईल तो खर्च होऊ दे. करारपत्रावर तिची सही लागेल, म्हणजे सांगणं आता टळत नाही. बरंच झालं. माझ्यासारख्याला असंच कोंडीत धरायला हवं. दहाही पाकिटांचे पैसे मोजून एका पिशवीत घातले. उद्या जातो.

१७ मार्च

सकाळी निघणार तोच वकिलांचा फोन. "अहो, या बाई तर आठ वर्षांपूर्वीच येऊन गेल्यात! कपाच्या बुडावरचा नोंदणीचा नंबर घेऊन आल्या होत्या. नाव कुणाचं, फी कधी, सगळं विचारून गेल्या. मी म्हटलं, तुमचं नाव घालू या का? तर म्हणाल्या, 'नको. तो कुणापुढे हात पसरणार नाही. असं तरी घेतोय, घेऊ दे.' तुम्हाला सांगू नका म्हणाल्या, म्हणून बोललो नाही."

त्यानंतर आठ पाकिटं आली. दर वेळी मी म्हणालो, भरली फी. आणि दर वेळी ती म्हणाली, बरं झालं.