डेलच्या वाटणीचं घर

जोन्सबरो, आर्कान्सा
७ एप्रिल २०११

प्रिय डेल,

तुझी तब्येत बरी असेल, दाढेचं दुखणं थांबलं असेल अशी आशा. इकडे मी ठीक आहे. पाऊस नाही, आईच्या गुलाबांना रोज बादलीने पाणी घालते. बाकी गावात काही नवं नाही.

फेब्रुवारीपासून तुझ्या तुरुंगातल्या कँटीनच्या खात्यात पैसे आले नाहीत, आणि तुझा फोनही लागत नसेल. रागावू नकोस. फोन मीच बंद करून घेतलाय. का, तेच आज सांगायचं आहे.

आपल्या चर्चने कर्जात बुडालेल्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला आहे. मी त्यात नाव घातलं. दर गुरुवारी तळघरातल्या खोलीत बसतो. मिसेस क्रेनशॉ नावाच्या बाई सल्लागार आहेत. आधी प्रार्थना, मग कागद. क्रेडिट कार्डवाल्या कंपन्यांशी त्या स्वतः बोलतात, व्याज कमी करून घेतात, आणि आपण महिन्याला एकच रक्कम भरायची. माझी सहाशे बारा डॉलर ठरली. पाच वर्षं.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "ग्लेंडा, सगळी कार्डं टेबलावर ठेव." नऊ निघाली. त्यांनी कात्री माझ्याच हातात दिली. सगळ्यांसमोर एकेक कापायचं. सातव्याला माझा हात थांबला, तर शेजारची बाई म्हणाली, "काप गं, दात काढण्यासारखंच आहे, नंतर बरं वाटतं." सगळे हसले. मीही हसले.

मग बाईंनी विचारलं, "एवढं कर्ज झालं कसं?" एकूण चौतीस हजार होतं. मी सांगितलं, धाकट्या भावाने बारमध्ये एका माणसाचं डोकं पान्याने फोडलं, त्याच्या वकिलापायी झालं. बाईंनी माझा हात हातात घेतला. दोघीतिघी रडल्या. पाद्रीसाहेबांनी रविवारी माझं नाव घेऊन प्रार्थना केली, "भावाच्या पापाचं ओझं वाहणारी बहीण." तुला लागावं म्हणून लिहीत नाही. पण लोक किती चांगले आहेत ते तुला कळायला हवं.

तुझ्या पॅरोलची बातमी वाचली. देवाचे आभार. राहायचा पत्ता म्हणून तू आपलं घर दिलंस, तेही वाचलं. तुझ्या खोलीतली खोकी काढून रंग दिला आहे. फिकट पिवळा. छान दिसतो.

माझ्या प्रार्थनेत असतोस.
तुझी बहीण
सिसी


१९ जून २०११

डेल,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिल्या दोनांना उत्तर दिलं नाही, कारण त्यात तू रंगाबद्दलच विचारत होतास. खिडकीत पंखा आहे का, पलंग तोच आहे का. तिसऱ्यात मुद्द्यावर आलास, तेव्हा मीही येते.

खोली एक मेपासून भाड्याने दिली आहे. मिस्टर ओडम नावाचे निवृत्त गृहस्थ आहेत, रेल्वेत होते. चारशे डॉलर देतात, पहिल्या तारखेला, रोख. सहाशे बारा मी एकटीने कुठून आणणार होते? शाळेच्या स्वयंपाकघरात मला किती मिळतात ते तुला माहीत आहे.

पॅरोल खात्याचा अधिकारी सात तारखेला, मंगळवारी आला होता. तरुण होता, बोलायला नम्र. दारातच टोपी काढून म्हणाला, "डेलबर्ट प्रुइट इथे राहायला येणार ना? खोली बघू का?"

तेवढ्यात ओडम पायमोजे घालून, हातात कॉफी घेऊन त्याच खोलीतून बाहेर आले.

"ही त्याचीच खोली का?" अधिकाऱ्याने विचारलं.

"होती," मी म्हटलं.

"मग बाहेरचा कोच? काही दिवसांपुरता? पत्ता मंजूर झाला की त्याला सोडता येईल. बाकी सगळे कागद तयार आहेत, बाई."

मी नाही म्हटलं. म्हटलं, त्याची मला भीती वाटते. त्याने ते लिहून घेतलं. डेल, तू माझ्यावर कधी आवाजही चढवला नाहीस, मला माहीत आहे. पण नुसतं "जागा नाही" म्हटलं असतं तर तो पुन्हा आला असता.

टिलरीचा फोन आला होता. वेल्डिंगची जागा त्याने तुझ्यासाठी पंधरा जूनपर्यंत धरून ठेवली होती, आता माणूस घेतला. म्हणाला, "ग्लेंडा, मी थांबलो असतो, पण तो येणार कधी हे कोणी सांगतच नाही." मी म्हटलं, मलाही माहीत नाही.

आता तुला त्या सुटलेल्या लोकांच्या वसतिगृहात जागा मिळेपर्यंत तुरुंगातच थांबावं लागेल, असं तू लिहितोस. जानेवारी उजाडेल म्हणतोस. सहा वर्षं काढलीस, तर सात महिने काय! तुला तिथली सवय झाली आहे आणि मला चारशे डॉलरची.

तू लिहिलंस, "सिसी, मी कमावून तुला त्या भाडेकरूपेक्षा जास्त दिले असते." क्रेनशॉबाईही हेच म्हणाल्या होत्या, एप्रिलमध्येच. "परक्याला कशाला ठेवतेस? भाऊ कामावर जाणार आहे, त्याला घे." मी त्यांना सांगितलं की तूच यायला तयार नाहीस, तुझी कुणी मैत्रीण लिटल रॉकला आहे. त्यांना भेटलास तर हे लक्षात ठेव.

ग्लेंडा


१९ सप्टेंबर २०११

डेल,

जुलैपासून तुझं पत्र नाही. वॉर्डनच्या कचेरीत फोन केला तर बाई म्हणाली, आजारी नाही, कामावर जातो, जेवतो. म्हणजे मुद्दाम लिहीत नाहीस. ठीक आहे.

मला मात्र लिहावं लागतंय, कारण तसं सांगितलं गेलंय.

कार्यक्रमात सहा महिने झाले की सगळा हिशेब पुन्हा तपासतात. कार्डवाल्यांनी सहा वर्षांची जुनी बिलं पाठवली. गेल्या गुरुवारी सगळे गेल्यावर क्रेनशॉबाईंनी मला थांबवून घेतलं. पट्टी धरून एकेक ओळ वाचत होत्या.

"वकिलाचे किती झाले, ग्लेंडा?"

"बेचाळीसशे."

"ते तर पहिल्याच वर्षी फिटलेले दिसतात."

"आईची गाडी विकली होती."

"मग हे चौतीस हजार?"

त्यांनी वाचायला सुरुवात केली. चिनी मातीची बाहुली. चिनी मातीची बाहुली. अंगठी. फरशी पुसायचं वाफेचं यंत्र. पुन्हा बाहुली. टीव्हीवरची ती खरेदीची वाहिनी, डेल. तिथली बाई फोनवर नाव घेऊन बोलायची, "ग्लेंडा, आज कशी आहेस?" तुझ्या खोलीत एक्केचाळीस खोकी होती. बहुतेक उघडलीसुद्धा नव्हती. चर्चच्या अंगणात विकली तेव्हा सगळ्याचे मिळून दोनशे साठ डॉलर आले.

बाई म्हणाल्या, "पण तू म्हणाली होतीस, या कर्जापायी भावाने घराचा आपला अर्धा हिस्सा तुला लिहून दिला."

"दिला."

"त्याला माहीत होतं, कर्ज कशाचं आहे?"

"नाही."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे न बघता बिलं घडी करून ठेवली. त्यांनी ओरडायला हवं होतं.

मला ठाऊक नव्हतं, चुकून झालं, असं इथे लिहिणार होते. दोनदा लिहून फाडलं. ठाऊक होतं. त्या दिवशी भेटीच्या खोलीत मी नोटरीला घेऊन आले, तू हक्कसोडपत्र वाचलंसुद्धा नाहीस, सही करून म्हणालास, "माझ्यामुळे तुझे हाल झाले, सिसी. निदान घर तरी तुला राहू दे." तेव्हा माझ्या पर्समध्ये बाहुलीची पावती होती. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. नोटरीबाईला रडू आलं. येताना आम्ही दोघींनी तळलेला मासा खाल्ला आणि मी तिचेही पैसे दिले, कार्डाने.

लिटल रॉकच्या मैत्रिणीचं खोटंही मग निघालं. क्रेनशॉबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्याला सगळं खरं लिही. दोन, कोर्टात जाऊन त्याचा हिस्सा त्याच्या नावावर कर, मग तो स्वतःच्या घराचा पत्ता देईल आणि कोणाच्या परवानगीशिवाय बाहेर येईल.

पहिली गोष्ट ही केली.

दुसरी मी करणार नाही. हिस्सा तुझा झाला की खोली तुझी झाली, ओडम गेले, चारशे गेले. एक हप्ता चुकला तरी कंपन्या जुनं व्याज लावतात. शिवाय आता तू येशील तेव्हा जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसशील, सगळं माहीत असलेला. रोज. ते मला जमणार नाही. बाईंना मी सांगितलंय की कोर्टाचे कागद टाकलेत, वेळ लागतो.

आता एक काम आहे. दोन ऑक्टोबरला, रविवारी, सगळ्या मंडळींसमोर मला साक्ष द्यायची आहे, देवाने मला कर्जातून कसं उचललं त्याची. पाद्रीसाहेब म्हणाले, भावाची क्षमा वाचून दाखवलीस तर साक्षीला पूर्णत्व येईल. क्षमा कशाची, तर तुझे कँटीनचे पैसे बंद केले त्याची, एवढंच त्यांना माहीत आहे. मोठं पत्र नको. दोनच ओळी पुरेत, "मी माझ्या बहिणीला मनापासून क्षमा केली" असं काहीतरी, खाली तुझं नाव. बाहुल्यांचं लिहू नकोस. ते तिथे कोणाला सांगितलेलं नाही, क्रेनशॉबाईही बोलणार नाहीत, त्यांना तसा नियम आहे.

शुक्रवार, तीस तारखेच्या टपालापर्यंत वाट बघीन. नाही आलं तर त्या दोन ओळी मीच लिहीन. तुमच्याकडे मिळतो तसा पिवळा रेघांचा कागद आणून ठेवला आहे. इथे तुझं अक्षर ओळखणारं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

तू क्षमा केलीस असं धरून चालणारी,
तुझी बहीण
ग्लेंडा प्रुइट