मामाभुताच्या कपाटामागे

१२ सप्टेंबर १९७५, शुक्रवार
ठरलं. भूत व्हायचं.
खालच्या मजल्यावरच्या दत्तबाबूंनी टीव्ही घेतलाय. कलकत्त्यात टीव्ही सुरू होऊन जेमतेम महिना झाला, आणि त्यांचे मेहुणे अनिमेषबाबू त्यावर 'मामाभूत' मालिका करणार आहेत. मामाभूत म्हणजे मेल्यावरही भाच्याच्या घरात पंख्याची बटणं बंद करत हिंडणारा कंजूष मामा. अठरा वर्षांत त्याचे सात पिक्चर निघाले. बदलीवर इथे आल्यापासून मी चार पाहिले. एक समजलासुद्धा. मूळचा नट गुडघ्यांमुळे निवृत्त झालाय. जागा रिकामी. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी वेताळ केला होता, तेव्हा पहिल्या रांगेतलं एक मूल रडलं होतं. अनुभव आहे.

१४ सप्टेंबर, रविवार
आजपासून गोड बंद. ढेरी असलेलं भूत कोणी मानणार नाही.
दुपारी दत्तबाबूंकडे मिष्टी दोई, म्हणजे गोड दही. नाही म्हणणं राजकारणाच्या दृष्टीने चूक. उद्यापासून.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
बंगाली भुतं नाकात बोलतात. आपल्याकडे नाकात बोलणारे प्राध्यापक होतात. हे माझ्या पथ्यावरच पडलं, कारण नाकात बोललं की माझे उच्चार झाकले जातील. रोज सकाळी सहाला गच्चीवर सराव. लीना म्हणते, "बाबा, तुमचा नाक ठीक आहे, पण बंगाली ठीक नाही." जिला स्वतःला नाकाचं लिंग माहीत नाही, तिने भाषेवर बोलू नये. पोरगी इथल्या शाळेत वाढली, दुसरं काय होणार.
वरच्या बाईंनी सर्दीवर होमिओपॅथीच्या गोळ्या पाठवल्या. घेतल्या. गोड होत्या.

२८ सप्टेंबर, रविवार
ऑडिशन. निवड झाली!
अनिमेषबाबूंनी माझं एकच वाक्य ऐकलं आणि हात वर केला. एका वाक्यात ओळखणं याला म्हणतात नजर. टीव्हीवर ट्रिक फोटोग्राफी जमत नाही, म्हणून मामा बहुतेक वेळ अदृश्य राहणार. आवाज रेडिओवरच्या एका नटाचा. पण मामा आला की कपाट आपोआप सरकतं, ते मागून सरकवायला माणूस लागतो. अनिमेषबाबू इंग्रजीत म्हणाले, आम्हाला हेवी माणूस हवाय. हेवी म्हणजे वजनदार. माझं व्यक्तिमत्त्व त्यांच्या लक्षात आलं.
म्हणजे मामाचा आत्मा त्या नटाचा आणि शरीर माझं. मूळ भूमिका कोणाची, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
ऑफिसात प्रमोशनची ऑर्डर. नागपूर. सात वर्षं जिची वाट पाहिली ती ऑर्डर नेमकी आत्ता. मालिका तेरा आठवड्यांची आहे. कलावंताला शब्द मोडता येत नाही.
शकुनचं माहेर नागपूरचं. तिची आई आजारी असते. तिने सगळं ऐकून घेतलं, पोळी तव्यावरून उतरवली, मग म्हणाली, "अहो, कपाट ढकलायला तुम्ही नागपूर सोडताय?"
मी तिला शरीर आणि आत्म्याचा मुद्दा समजावला. तिने पुढची पोळी लाटायला घेतली. म्हणजे पटलं असावं.
नकाराचं पत्र लगेच दिलं. उगाच मन बदलायला नको.

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
आपली नरकचतुर्दशी, यांची भूतचतुर्दशी. आज पहिला भाग, थेट प्रक्षेपण. अभ्यंगस्नान करून शुद्ध भूत होऊन निघालो. शकुन, लीना आणि अख्खी बिल्डिंग दत्तबाबूंकडे बघणार आहे.

तोच दिवस, रात्री नऊ
प्रसंगावधान दाखवलं. कोणाला कदर नाही.
कपाट अप्रतिम सरकलं. मग मामाचं वाक्य यायला हवं होतं, 'मी आलोय.' आवाज येईना. माइक बिघडला असावा. भाच्याची बायको बेशुद्ध पडायला तयार उभी, आणि शांतता. मालिका बुडत होती. मी कपाटामागून, नाकातून, पूर्ण ताकदीने ओरडलो, "आमि आलो!"
बाई बेशुद्ध पडण्याऐवजी हसत सुटल्या. भाचाही हसला. कॅमेरा हलत होता म्हणे.
घरी आल्यावर लीनाने दारातच सांगितलं, "आलो म्हणजे उजेड, बाबा. तुम्ही म्हणाले, मी उजेड."
इथे संध्याकाळभर लोडशेडिंग होतं. वीज येऊन पाचच मिनिटं झाली होती. दत्तबाबू हसून खुर्चीवरून घसरले. शकुन पदर तोंडाला लावून बसली होती, हसत होती की रडत, लीनाला कळलं नाही.
घाईत मराठी निसटलं, इतकंच. थोर नटांचंही होतं.

३ नोव्हेंबर, सोमवार
अनिमेषबाबूंनी दत्तबाबूंकरवी आभार कळवले. पुन्हा येण्याचा त्रास घेऊ नये असंही. मी तसाही सोडणारच होतो. कपाटात वाव नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
पत्र परत मागायला साहेबांकडे गेलो. ते पुढे गेलं. माझ्या जागी नागपूरला जयप्रकाश जातोय, मला सहा वर्षं ज्युनिअर. त्याने विचारलं, तिथे संत्री कधी येतात. सांगितलं. शकुनला अजून सांगितलेलं नाही. ट्रंका पुसून ठेवताना दिसली. उद्या सांगू.

९ नोव्हेंबर, रविवार
तिला कळलं. जयप्रकाशची बायको नागपूरच्या घराची चौकशी करायला आली होती. शकुनने तिला चहा दिला, बाजार कुठे, डॉक्टर कुठला, सगळं सांगितलं. मग ट्रंका परत माळ्यावर.
संध्याकाळी दत्तबाबूंकडे जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो. मामा आला, कपाट सरकलं (वाकडं), आणि त्या नटाच्या भरदार आवाजात, नाकातून : "आमि आलो!" खोली हशाने दणाणली. परवापासून ट्रामचे कंडक्टरही हेच म्हणताहेत म्हणे. आता दर भागात ठेवणार.
लीना उठून उभी राहिली आणि सगळ्यांना बंगालीत म्हणाली, हे वाक्य माझ्या बाबांचं आहे. कोणाला पटेना. पहिल्या भागात तोच नट बोलला, अशी सर्वांची समजूत. दत्तबाबू तिला प्रेमाने समजावू लागले की टीव्हीवाल्यांचे लेखक असतात. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. शकुनही.
मी उभा राहिलो. घसा साफ केला. बंगालीत वाक्य जुळवेपर्यंत बातम्या लागल्या.