एकाच बाईने चालवलेली गाडी

५ एप्रिल
आले एकदाची! खोली लहान आहे, पण खिडकी ऐसपैस आणि नळाला धो धो पाणी. इतकी वर्षं दादाच्या घरात कोपरा अडवून राहिले. आज पहिल्यांदा स्वतःच्या कुलपाची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये आहे. उगाचच दोनदा दार लावून उघडून पाहिलं.

दवाखान्याच्या मोठ्या मॅडमनी आल्या आल्या बजावलं, की रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे तर स्वतःची गाडी हवी. महिनाभर बघू, जमलं तर कायम करू, म्हणाल्या. म्हणून लगोलग जुनी गाडी घेतली. राखाडी, गुटगुटीत, काचांवर काळी फिल्म. दलाल म्हणाला, एकाच बाईने चालवलेली आहे, आणि मालकांची अट एकच, घेणारीही बाईच हवी. म्हटलं, चला, कुणाला तरी आमची किंमत आहे! दादाला फोन केला, तर म्हणतो, आता मला रस्त्यावरच्या लोकांची काळजी वाटते. मेला.

९ एप्रिल
गाडीशी छान गट्टी जमली आहे. एकटीने चालवताना माझी बडबड चालूच असते, लहानपणापासूनची खोड. आता गुडघेवाले काका, मग खांदेवाल्या आजी, काकांना आज जिना चढायला लावायचा, वगैरे वगैरे. ऐकणारं कुणी नाही, टोकणारं कुणी नाही.

आज पेन खाली पडलं म्हणून स्टिअरिंगखाली हात घातला, तर हाताला एक काळी डबी लागली. बारीकसा हिरवा दिवा. सीटखाली दुसरी, तिला तीन आखूड काड्या. ती मात्र बंद दिसली. आधीची बाई हौशी असणार. मला रेडिओसुद्धा धड लावता येत नाही.

१३ एप्रिल
मॅडम फणकारल्या होत्या. अर्जात अविवाहित लिहिलंत, मग तुमच्या मिस्टरांचा फोन कसा आला, म्हणे. मला हसूच आलं. मिस्टर असते तर दादाकडे कशाला पडून राहिले असते? पण मॅडम हसल्या नाहीत. बोलणं अगदी मऊ होतं म्हणाल्या. मी दमले आहे, आज आधी आजींकडे गेले आहे, काका नंतर, तेव्हा मला लवकर सोडा, असं सांगत होते म्हणे.

हसू तिथेच जिरलं. आधी आजी, मग काका, हे मी आज वाटेत ठरवलं होतं. कुणालाही सांगितलं नव्हतं. फक्त गाडीत, एकटीच, मोठ्याने बोलले होते.

१४ एप्रिल
गाडी वायरिंगवाल्याकडे नेली. त्याने बॅटरीची वायर काढली, तरी तो हिरवा दिवा चालूच. याचं पोट वेगळं आहे, म्हणाला. गाडी कुठे आहे ते ती डबी कळवते. आत फोनचं सिमकार्ड निघालं. आरशामागे तांदळाएवढा माइक. आणि इंजिनाच्या वायरीत एक खटका, ज्याने बाहेरून इंजिन बंद करता येतं, दारंही लावता येतात. भाड्याच्या गाड्यांना लोक असलं काहीबाही लावतात, पण एकाच गाडीत इतकं त्याने कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक वायर कापडात गुंडाळलेली, खडखड होऊ नये म्हणून. फार मन लावून केलंय हो कुणीतरी, असं दोनदा म्हणाला. 

डबी आणि माइक त्याने उपटले. तीन काड्यांचं काही ओळखता येईना, बंद आहे तर असू दे म्हणाला. खटक्यासाठी एक भाग मागवावा लागेल, तो अठराला येईल. तोवर घाबरू नका, तो खटका फक्त जवळून रिमोटने चालतो. रिमोट घेऊन तुमच्या मागे कोण उभं राहणार आहे?

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी तक्रार ऐकली आणि गाडी विकून टाका म्हणाले. दादा म्हणतो, सगळं सोड आणि ये. गाडी गेली तर नोकरी गेली. आणि आता परत गेले तर जन्मभर त्याच कोपऱ्यात. मी जाणार नाही.

१६ एप्रिल
दलालाला गाठलं. मालकांची बायको माहेरी गेली, कधीच. कुठल्या माहेरी, त्याला माहीत नाही. मालकांनी एवढंच विचारलं होतं, की नव्या बाईंना सीट नीट बसते ना.

गाडी धुतली. ड्रायव्हरच्या दाराच्या काचेवर, फिल्मवर ओरखडे. बोटांचे. आतून.

१७ एप्रिल, सकाळ
झोप नाही. आज चालतच जाणार होते. पण मॅडमचा फोन. गुडघेवाले काका मुलाच्या नव्या घरी राहायला गेलेत, पाय सुजलाय, ताबडतोब जा. मुलाने स्वतः फोन केला, फार मऊ बोलतो म्हणे. लांब आहे, बस जात नाही. नाही म्हटलं तर महिना आजच संपला. एकच फेरी. उद्या तो खटका निघेलच.

आता गाडीत बसल्यावर सुचतंय — मऊ बोलणारा — काकांना तर दोन मुलीच —
नाही, पुतण्यालाही मुलगा म्हणतात लोक. जाते.

१७ एप्रिल, दुपार
फाटक उघडं होतं. आत वळले आणि इंजिन आपोआप बंद. दारं खटकन लागली, आतून उघडत नाहीत. मागे फाटकही.

सीटखाली लाल दिवा. तीन काड्यांची डबी. फोनवर नेटवर्कची एक रेघ नाही. आता ओळखली, फोनचं नेटवर्क मारायला आहे ती.

काचेवर मारतेय. हातात काय, तर गुडघे तपासायची रबरी हातोडी. हसू येतंय. रडू येतंय. ऊन थेट टपावर.

तो घरातून बाहेर आलाय. इस्त्रीचा शर्ट. रागावलेला नाही. हातात बायकी चपला. माझ्या दाराशी मांडून ठेवल्या, घराकडे तोंड करून. खुर्ची आणून सावलीत बसलाय.

कुणाचं तरी लाडाचं नाव घेतोय. माझ्याकडे बघून.

म्हणतोय, मागच्या वेळीही तू अशीच हट्टाने बसून राहिलीस. संध्याकाळी मी दार उघडलं तरी उठली नाहीस.

या वेळी इतका वेळ लावणार नाही, म्हणतोय. उठलाय. रिमोट — दार मी आतून ओढून धरलंय, एका हाताने — दादा, मी येते रे, कोपरा तर कोपरा, मी —