मिठाची बरणी डावीकडे

३ जून

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळताच मला न्यायला ये. आई नसलेल्या या घरात बाबांसोबत मी राहणार नाही.

आईने स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर मूलद्रव्यांचं कोष्टक मांडलं होतं, तुला आठवतंय ना? डाव्या टोकाला मीठ, त्यावर चिठ्ठी 'सोडियम'. शेजारी बदाम, म्हणजे मॅग्नेशियम. मिठाखाली मनुका, पोटॅशियम. काल बाहेरून घरी आले, तर बाबांनी सगळ्या बरण्या गरम पाण्यात घालून, चिठ्ठ्या खरवडून, उंचीप्रमाणे लावलेल्या! त्यांच्या दुकानात नट-बोल्ट लावतात तशा. आईचं अक्षर मोरीतून वाहून गेलं.

तेव्हापासून मी बोलत नाही. तेही गप्प. एकजण खोलीत आला की दुसरा उठतो. दोघांचंही तेच माणूस गेलं ना गं? मग असं का?

आयनांचा धडा आईने अर्धाच शिकवला. उरलेला मला नकोच.

तुझीच,
टिकली

९ जून

चि. टिकलीस,
अनेक आशीर्वाद.

बॅग भरून ठेव हवं तर. पण माझ्या बहिणीचा धडा अर्धा टाकून तुला इकडे आणणार नाही. कॉलेजात शिकवताना माझ्या आवाजाने मागचे बाकसुद्धा जागे होतात; तू तर एकटी आहेस, ऐक.

लोक सांगतील, काळ सगळं भरून काढतो. साफ खोटं! सोडियमने एक इलेक्ट्रॉन गमावला की तो धनभारित आयन होतो. मिठात बसला, पाण्यात विरघळला, तरी गेलेला इलेक्ट्रॉन परत येत नाही. म्हणून तो संपला का? पाण्यात पडताच भडकणारा तो धातू इलेक्ट्रॉन गमावल्यावर त्याच पाण्यात शांत राहतो. तुझ्या रक्तात तोच आहे, पोरी.

आता तुझा प्रश्न. तुम्ही दोघांनी एकच गमावलं, म्हणून दोघांवर सारखाच भार. सारखे भार एकमेकांना ढकलतात. माया आटली असं समजू नकोस. मिठाच्या खड्यात दोन सोडियम कधी खेटून बसत नाहीत. मध्ये ऋणभाराचा क्लोराइड असतो आणि तो दोघांना धरून ठेवतो. तुमच्यामध्येही काहीतरी ठेव. त्या बरण्याच ठेव. आणि त्या नट-बोल्टवाल्यांना विचार, त्यांना काय आठवतंय.

मग यावंसं वाटलं तर कळव. मी निघालेच.

रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.
मावशी

१७ जून

ती. ताईंस,
सा. न.

मला पत्रं लिहायची सवय नाही. टिकलीने परवा सगळ्या बरण्या टेबलावर आणून ठेवल्या आणि समोर बसली. काय कुठे होतं, एवढंच विचारलं.

मला त्या चिठ्ठ्या विटलेले कागद वाटले होते, ताई. भेटायला माणसं येणार, घर नीट दिसावं, एवढंच डोक्यात होतं. साखर कुठे, मीठ कुठे, हे मी लग्नापासून तिलाच विचारत आलो. ती हसायची, पण सांगायची.

बदाम, मनुका, तीळ टिकलीने लावले. मिठाची जागा मीही बरोबर सांगितली. गंधक आणि फॉस्फरस म्हणून टिकलीच्या आईने कोणत्या बरण्या धरल्या होत्या, ते दोघांनाही आठवेना. आता ते कुणाला विचारणार? टिकली म्हणाली, पहिल्यांदा कोष्टक मांडणाऱ्यानेही तेव्हा न सापडलेल्या मूलद्रव्यांच्या जागा रिकाम्या सोडल्या होत्या. मग हळूच म्हणाली, त्या नंतर भरल्या, बाबा. या नाही भरणार. आम्ही त्या तशाच सोडल्या.

तिची बॅग अजून दाराशीच आहे. मी हलवली नाही, तिनेही नाही.

काल जेवताना तिने मीठ मागितलं. कुठे आहे, हे विचारायला मी स्वयंपाकघराकडे तोंड वळवलं. मग उठलो आणि डावीकडे हात घातला.

आमच्यावर माया राहू द्या.
टिकलीचे बाबा