दानबीचे पाय

१० फेब्रुवारी २०२०, सोमवार

आलो बाई एकदाचे देगू शहरात! आठवा मजला, दोन खोल्या आणि हॉल केवढा तरी लांब. दानबीने बूट भिरकावले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत सुटली. साडेचार वर्षांची पोर, पण पायाला नुसती भिंगरी. थंडीसाठी खालून तापवलेली जमीन गरम लागली तशी आडवी होऊन लोळली, उठली, पुन्हा पळाली. सामान चढवणारा हमाल म्हणाला, हिला आमच्याकडे कामाला पाठवा, दोघांचं काम एकटी करेल. माझा नवरा मुनसॉक हसून हसून लाल झाला. त्याला इथल्या इस्पितळात नर्सची कायमची नोकरी लागली आणि आमची वणवण संपली.

संध्याकाळी रीतीप्रमाणे शेजाऱ्यांना लाल चवळ्या घातलेली तांदळाची वडी वाटली. आमच्या बरोब्बर खाली, सातव्यावर, प्यो आजोबा एकटेच राहतात. त्यांनी दार बोटभरच उघडलं. घरात लहान मूल आहे, पळापळ होईल, सांभाळून घ्या, असं मी आधीच सांगून टाकलं. मुलं पळायचीच, म्हणाले. मऊ आवाज. मग दानबीच्या पायांकडे बघत राहिले. दानबी माझ्यामागे लपली. एरवी ती कोणाला भीक घालत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हे काय होऊन बसलं! गेल्या आठवड्यात टीव्हीवर साथीची बातमी दुसऱ्यांची होती, आता आमच्याच गावाची. रस्ते ओस पडलेत. मुनसॉक इस्पितळाच्याच खोलीत राहणार. घरी आलो तर आजार घेऊन येईन, म्हणतो. बालवाडी बंद. खाली बागेत घसरगुंडीला पिवळी पट्टी गुंडाळून टाकली आहे. माझ्या विमा कंपनीने सांगितलं, फोन घरून घ्या. म्हणजे कानाला हेडफोन, पलीकडे चिडलेलं गिऱ्हाईक आणि मांडीवर चढू बघणारी दानबी.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, आम्ही चार वाढवली, तुला एक झेपेना? तुमच्या वेळी दार तरी उघडं होतं, असं मी म्हटलं. फोन ठेवल्यावर म्हटलं, तोंडावर म्हणायची हिंमत कुठली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. प्यो आजोबा. मूल फार पळतंय, म्हणाले, डोक्यात घण घातल्यासारखं होतंय. मी कंबरेत वाकून माफी मागितली, इंटरकॉमपुढे! लहान आहे हो, किती धरून ठेवणार, थोडं सहन करा, असं विनवलं. लगेच रबरी गाद्या मागवल्या आणि हॉलभर पसरल्या. दानबीला लोकरीचे जाड मोजे चढवले. मोज्यांनी ती घसरते, घसरली की खिदळते, खिदळली की पुन्हा पळते. काय करावं या पोरीचं!

५ मार्च, गुरुवार

सकाळपासून इंटरकॉम पाच वेळा. त्यात आमच्या साहेबीणबाईंचा फोन. एका गिऱ्हाइकाला मागे मुलाचं हसणं ऐकू आलं म्हणे, आणखी एक तक्रार आली तर घरी बसा. घरीच बसलेय की, बाई! बसलेय कसली, जळतेय.

नाकी नऊ आले आणि मग मी तेच केलं जे माझ्या आईने केलं होतं, तिच्या आईने केलं होतं. दानबीला सांगितलं की खाली पोतंवाले आजोबा राहतात, न ऐकणाऱ्या मुलांना पोत्यात घालून नेतात. तिने विचारलं, अख्खं नेतात? मी म्हटलं, नाही, पळणाऱ्यांचे पाय तेवढे.

दुपारभर ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली. मी अकरा फोन घेतले. खरं सांगू? मला फार बरं वाटलं.

१० मार्च, मंगळवार

सकाळी एक माणूस फोनवर ओरडत होता. त्याचे वडील या आजारात गेले होते आणि कागद पुरे होत नव्हते. मी त्याला शांत करत होते आणि दानबी उठून नाचायला लागली. पाच दिवस बसून होती बिचारी. इंटरकॉम वाजला. माझं डोकंच फिरलं. हेडफोन कानाला तसाच, तिचा दंड धरला, दाराबाहेर उभी केली आणि जिन्यात ओरडले, घेऊन जा एकदाचे हिचे पाय!

दार लावलं. लहानपणी आईने मलाही असंच कितीदा बाहेर काढलं होतं. दोन मिनिटं रडायचं, चुकले म्हणायचं, आत यायचं. पण माझा फोन लांबला. आठ मिनिटं झाली. ती रडलीच नाही. रडली असती तर उघडलं असतं ना मी!

उघडलं तर पायपुसण्यावर बसलेली. पायात मोजे नव्हते. ऊठ म्हटलं, उठली नाही. उचलून आत आणली.

११ मार्च, बुधवार

ती उभी राहत नाही. उभी केली की कापडाच्या बाहुलीसारखी खाली बसते. जमीन तापलेली, तिचे तळवे मात्र बर्फ. कितीही चोळले तरी बर्फ. दवाखाना तिला घ्यायला तयार नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, घरात कोंडल्याने मुलांचं होतं असं, खेळवा, बोला तिच्याशी. मुनसॉकचा आवाज तीन रात्री न झोपलेल्या माणसाचा. त्याला सगळं सांगितलं. दाराचं तेवढं नाही सांगितलं.

१३ मार्च, शुक्रवार

भरदुपारी खालून पळण्याचा आवाज. आमच्या जमिनीखालून. डावं पाऊल हलकं, उजवं जड, वळताना घसरा. हे पळणं ती पोटात होती तेव्हापासून मी ओळखते.

दानबी माझ्या मांडीवर होती.

मीच इंटरकॉम लावला. आजोबांना विचारलं, तुमच्याकडे कोण पळतंय? ते गोड हसले. लहान आहे हो, म्हणाले, किती धरून ठेवणार, थोडं सहन करा. माझेच शब्द. जसेच्या तसे.

वॉचमन बोंग काकांना विचारलं. त्यांनी कॅमेऱ्यात बघून सांगितलं, महिनाभर सातव्यावर कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. वर म्हणाले, वहिनी, जरा झोप घ्या.

१४ मार्च

गाद्या सगळ्या उचलून फेकल्या. दानबीच्या हातापाया पडले. पळ बाळा, घर डोक्यावर घे, नाच, काय हवं ते मोड! ती शहाण्यासारखी म्हणाली, पाय खाली आहेत ना, आई. मग माझे गाल पुसले आणि विचारलं, हसूपण देऊ का त्यांना? तुझा फोन असतो ना.

मी किंचाळले, नको! काही काही द्यायचं नाही! पण तेवढ्यात फोन वाजला आणि तिने फोनकडे पाहिलं. मी तो उचलला नाही. उचलला नाही, देवाशपथ. पण तिने पाहिलं होतं.

१६ मार्च

गुदगुल्या केल्या. तोंड उघडतं, आवाज नाही.

हसणं खालून येतंय. पळणं आणि हसणं. दिवसभर. कानात बोळे घातले तर तळव्यांना कळतं —

१७ मार्च

खाली जाऊन दार बडवलं. गुडघे टेकले. आजोबा आतून बोलले, दार न उघडता. मी ओढून नेली नाही, तुम्ही हाक मारलीत. शांतता हवी होती ना तुम्हाला? म्हटलं, माझे पाय घ्या, माझा जीव घ्या, पोरीचं परत द्या. मग म्हणाले, आई इतकं मागते तर घेऊन येतो वर. उद्या.

वर आले. दानबीला सांगितलं. तिने नको नको अशी मान जोरजोरात हलवली — बोलली नाही. आवाजपण खाली गेला —

१८ मार्च

सकाळचे दहा. थांबणार नाही मी. तिला पाठीवर बांधलंय, इस्पितळात मुनसॉककडे नेते. आत घेईनात, दारात लोळण घेईन. वही चपलांच्या कपाटावर ठेवून लिहितेय. मुनसॉक, तोंडाने सांगवलं नाही तर हे वाच. मी तिला बाहेर काढली होती. आठ मिनिटं. मीच —

जिन्यात पावलं. पळत वर येताहेत. डावं हलकं, उजवं —

बेल. तिचा हात बेलपर्यंत पोचत नाही. कोणीतरी उचलून धरलंय —

आई, उघड ना. थंडी वाजते. मोजे नाहीत माझे. आता नाही पळणार —

तिचाच आवाज, तिचाच. पाठीवरची माझ्या मानेत बोटं रुतवतेय, नाही नाही करतेय, तिचा श्वास कानाला लागतोय —

पण बाहेर रडतेय ती. त्या दिवशी रडली नव्हती म्हणून मी — आता रडतेय आणि मी आत उभी? कसली आई मी? एकदा बाहेर ठेवली. पुन्हा नाही ठेवणार. आले बाळा, आले, कडी काढते —